'पेक्षा' कुणाला चिकटलाय ते बघा: दोन समीकरणांची शाब्दिक गणितं कशी सोडवायची

दहावीतल्या पोराला दोन समीकरणं आयती लिहून दिली की ते खडाखडा सोडवतं, आणि तीच समीकरणं नारळ-केळ्यांच्या गोष्टीत गुंडाळून दिली की पेनाचं टोपण चावत बसतं. मी डिचोलीत घरी शिकवण्या घेते आणि दरवर्षी हाच सीन. पालक सांगतात, टीचर त्याचं मॅथ्स वीक आहे. नाही हो, मॅथ्स ठीक आहे, गोष्टीचं समीकरण करणं जमत नाहीये, आणि ते बरचसं भाषेचं काम आहे.

आमच्याकडे गोव्यात तर हे जास्तच होतं, कारण बऱ्याच मुलांचं चौथीपर्यंत सगळं मराठीतून नाहीतर कोंकणीतून होतं आणि पाचवीला एकदम इंग्रजी मिडीयम. मग दहावीच्या पुस्तकात 'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर' आलं की पोरं सरळ डावीकडून उजवीकडे लिहीत सुटतात, ५ − २क्ष. चूक. आता हेच वाक्य मराठीत म्हणून बघा: 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा पाचने कमी'. आधी संख्या आली, मग तिची दुप्पट, मग पाच कमी. २क्ष − ५. मराठीत शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने गणित लिहिलं जातं, त्यामुळे पेपर इंग्रजीत असला तरी गणित आधी मनात मराठीत वाचा असं मी पोरांना सांगते, आणि याचा खरंच फरक पडतो.

आता मुद्द्याचं. पायऱ्या सांगते, पण प्रत्येक पायरीला सारखा वेळ देणार नाही, कारण पहिल्या दोन जमल्या की बाकीचं आपोआप जमतं.

पहिलं काम: कशाला काय म्हणायचं ते पूर्ण वाक्यात लिहा

हे गणित बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका बाईने ३ नारळ आणि २ डझन मोयऱ्याची केळी घेतली, ३१० रुपये झाले. दुसरीने तिथेच ५ नारळ आणि १ डझन केळी घेतली, २९५ रुपये झाले. नारळ केवढ्याला आणि केळी केवढ्याला? (भाव माझ्या मनातले आहेत, बाजारात जाऊन भांडू नका.)

माझ्याकडे एक मुलगी आहे, हुशार आहे, तिने पहिलीच ओळ लिहिली 'न = नारळ'. मी विचारलं, बाय, न म्हणजे नारळ म्हणजे काय? नारळ किती ते, का नारळ केवढ्याला ते? ती म्हणाली, टीचर, नारळच. आणि इथेच सगळं घसरतं. न ही वस्तू नाही, न हा आकडा आहे. '३न' म्हणजे 'तीन नारळ' असं वाचायची सवय लागली की पुढे वयाच्या आणि वेगाच्या गणितात पार गोंधळ होतो. म्हणून पूर्ण वाक्य लिहायचं:

एका नारळाची किंमत = न रुपये
एक डझन केळ्यांची किंमत = क रुपये

'एका', 'डझन', 'किंमत', 'रुपये', यातला एकही शब्द गाळायचा नाही. केळी डझनावर धरली तर शेवटचं उत्तर पण डझनाचंच येणार, एका केळ्याचं नाही, हे तिथल्या तिथे ठरून जातं.

आणि हो, एक्स-वायच पाहिजे असं काही नाही. भास्कराचार्य बाराव्या शतकात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक असं म्हणायचे, म्हणजे पहिलं नाव सोडलं तर बाकी सगळे रंग, काळा निळा पिवळा, आणि लिहिताना नुसतं या, का, नी. आपण न आणि क घेतले तर बिघडलं कुठे? परीक्षेत इंग्रजी अक्षरं घ्या, घरी समजून घेताना वस्तूचं पहिलं अक्षर घ्या, फक्त ते अक्षर म्हणजे आकडा हे विसरू नका.

मग समीकरणं:

३न + २क = ३१०
५न + क = २९५

हे सोडवायचं कसं ते पुढे सांगते, आधी दुसरं काम.

दुसरं काम: प्रत्यय बघा

बाजाराचं गणित सोपं वाटतं कारण त्यात नुसती बेरीज आहे. खरी मारामारी 'पेक्षा जास्त', 'च्या तिप्पट', 'ने कमी' असलं काही आलं की सुरू होते. पोरं सर्रास उलटं लिहितात. 'फेरीबोटीत स्कूटर गाड्यांच्या तिप्पट आहेत' असं वाक्य दिलं, स्कूटरची संख्या स आणि गाड्यांची ग, तर दहातली चार-पाच पोरं ३स = ग लिहून मोकळी होतात, कारण डोळ्यासमोर चित्र येतं तीन स्कूटर, एक गाडी. आणि ही फक्त आपल्या पोरांची चूक नाही बरं का, १९८० च्या आसपास अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या मुलांना 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत' हे लिहायला दिलं तर त्यातल्याही बऱ्याच जणांनी असंच उलटं लिहिलं होतं.

मराठीत यावर एक सोपा इलाज आहे, तो म्हणजे प्रत्यय. 'पेक्षा' किंवा 'च्या' ज्या शब्दाला चिकटलाय, आकडा त्याच्याच बाजूला जातो.

'स्कूटर गाड्यांच्या तिप्पट', 'च्या' चिकटलाय गाड्यांना, म्हणून ३ चा गुणाकार गाड्यांना: स = ३ग.
'दादाकडे ताईपेक्षा ५० रुपये जास्त', 'पेक्षा' चिकटलाय ताईला, म्हणून ५० मिळवायचे ताईत: द = त + ५०.
'दादाकडे ताईपेक्षा ५० रुपये कमी', परत ताईलाच हात लावायचा: द = त − ५०.

ज्याला काही चिकटलेलं नाही तो डावीकडे एकटा उभा राहतो. बस. याच्यावर संशय असेल तर आकडे घालून बघा, ग = ५ धरला तर स = १५ येतं, स्कूटर जास्त आल्या, बरोबर. ३स = ग मध्ये स = ५ घातलं तर गाड्या १५, म्हणजे गोष्टच उलटी झाली. दहा सेकंदाचं काम आहे पण पोरं करत नाहीत.

अजून एक, 'ने' आणि 'पट' यातला फरक. 'तीनने जास्त' म्हणजे अधिक ३, 'तीनपट' म्हणजे गुणिले ३. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी पेपरात घाईत चुकतं.

तिसरं: सोडवणं

दोन पद्धती पुरेत. (महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकात क्रेमरची निश्चयक पद्धत पण असते, ती वाईट नाही, पण त्यात नुसते आकडे घालून उत्तर निघतं आणि गोष्ट काय चालली होती ते डोक्यातून निघून जातं, म्हणून मी ती शेवटी शिकवते.)

एक म्हणजे वजा करून एक अक्षर घालवायचं. हे कळायला पायलटचं गणित घ्या. पायलट म्हणजे आपला मोटारसायकलवाला, विमानाचा नाही. समजा तो बसल्याबसल्या एक ठरावीक रक्कम घेतो आणि वर दर किलोमीटरला काहीतरी. ६ किलोमीटरचे ११० घेतले, १० किलोमीटरचे १७०. बसल्याचे ब, किलोमीटरचे क:

ब + १०क = १७०
ब + ६क = ११०

वरच्यातून खालचं वजा करा, ४क = ६०, क = १५, मग ब = २०. पण हे नुसतं चिन्हांचं वजा नाहीये, त्यात अर्थ आहे: ४ किलोमीटर जास्त गेला, ६० रुपये जास्त घेतले, बसल्याचे पैसे दोन्हीकडे सारखेच म्हणून ते उडाले. एवढं ज्याला कळलं त्याला ही पद्धत पाठ करावी लागत नाही.

नारळाच्या गणितात तसं सरळ उडत नाही कारण एकीकडे २क आहे, दुसरीकडे क. मग दुसरी बाई दुप्पट बाजार करते असं समजा, १० नारळ, २ डझन केळी, ५९० रुपये. आता त्यातून पहिलीचा बाजार वजा करा:

१०न + २क = ५९०
३न + २क = ३१०
७न = २८०, न = ४०

नारळ ४० रुपये. मग ५ × ४० = २००, २९५ मधून २०० गेले की ९५, केळी ९५ रुपये डझन. दुप्पट करताना २९५ पण दुप्पट करायचे असतात, डावीकडे गुणून उजवीकडे विसरणारे दर बॅचला दोन तरी निघतात.

दुसरी पद्धत, एकाची किंमत दुसऱ्याच्या जागी ठेवायची. जिथे 'च्या तिप्पट', 'पेक्षा जास्त' असलं वाक्य आहे तिथे हीच वापरा, कारण एक अक्षर आधीच एकटं उभं असतं. वयाचं गणित: आज आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, ६ वर्षांपूर्वी पाचपट होतं.

आ = ३म
सहा वर्षांपूर्वी आई आ − ६ आणि मुलगी म − ६. 'च्या' परत मुलीच्याच वयाला, म्हणून
आ − ६ = ५(म − ६)

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, फक्त आईचे ६ कमी करायचे आणि मुलीचे नाहीत, जशी काही मुलगी सहा वर्षं थांबून राहिली होती. दोन, कंस न लावता ५म − ६ लिहायचं. कंस लावा, मग आ च्या जागी ३म ठेवा:

३म − ६ = ५म − ३०
२४ = २म, म = १२, आई ३६.

तपासा, ६ वर्षांपूर्वी मुलगी ६, आई ३०, पाचपट. झालं.

कधी कधी दोन्ही पद्धतींपेक्षा डोकं लवकर चालतं. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत २१ वाहनं आहेत, नुसत्या स्कूटर आणि चारचाकी, चाकं मोजली तर ५८. सगळ्या स्कूटरच धरल्या असत्या तर ४२ चाकं, १६ जास्त आहेत, एका गाडीमागे २ जास्त, म्हणजे ८ गाड्या आणि १३ स्कूटर. माझ्या आजोबांनी असलं गणित तोंडीच केलं असतं. परीक्षेत मात्र स + ग = २१ आणि २स + ४ग = ५८ लिहा, नाहीतर मार्क कापतात.

आणि एक मासळीचा प्रकार. ४ वाटे तारले आणि ३ वाटे बांगडे ६५० रुपये, ३ वाटे तारले आणि ४ वाटे बांगडे ७५० रुपये. आकडे अदलाबदल झालेले दिसले की गुणाकार करत बसू नका, आधी दोन्ही ओळींची बेरीज करा: ७त + ७ब = १४००, म्हणजे त + ब = २००. मग दुसऱ्यातून पहिलं वजा: ब − त = १००. आता कुणीही सांगेल, बांगड्यांचा वाटा १५०, तारल्यांचा ५०.

होडी आणि दोन अंकी संख्या

हे दोन प्रकार पेपरात फिरून फिरून येतात. होडीच्या गणितात शांत पाण्यातला होडीचा वेग ह आणि प्रवाहाचा प. पाण्याबरोबर जाताना ह + प, उलट जाताना ह − प. १२ किलोमीटर पाण्याबरोबर २ तासांत, तेच उलट ३ तासांत. पोरं पटकन ह + प = २ लिहून टाकतात. २ हा तास आहे, वेग नाही! आधी वेग काढा, १२ ÷ २ = ६ आणि १२ ÷ ३ = ४:

ह + प = ६
ह − प = ४

बेरीज केली की २ह = १०, ह = ५, प = १. म्हणून मी सांगते, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना कशाचा आकडा आहे ते तोंडाने म्हणा: 'वेग अधिक वेग बरोबर वेग'. 'वेग अधिक वेग बरोबर तास' असं ऐकू आलं की कानालाच खटकतं.

(चोडणचा एक मुलगा मला म्हणाला होता, टीचर पण भरतीला मांडवीचं पाणी उलटं जातं, मग प वजा धरायचा का? एकदम बरोबर विचारलंन. भरतीचं पाणी मांडवी नदीतून पार गांजे गावाच्या बाजूला वर चढतं, तेव्हा प्रवाहाचा वेग दिवसभर एकसारखा ही गोष्ट पुस्तकातच खरी. पण गणितात दिलंय तेवढंच धरायचं.)

दोन अंकी संख्येत एकच गोष्ट लक्षात ठेवा, दशकाचा अंक द आणि एककाचा ए असेल तर संख्या 'दए' नाही, १०द + ए. 'दए' लिहिलं की बीजगणितात तो गुणाकार होतो. अंकांची बेरीज ११, अंक उलटे केले की नवी संख्या जुन्या संख्येपेक्षा २७ ने जास्त. 'पेक्षा' जुन्या संख्येला चिकटलाय, म्हणून २७ जुनीत मिळवायचे:

द + ए = ११
१०ए + द = १०द + ए + २७

दुसरं आवरलं की ९ए − ९द = २७, म्हणजे ए − द = ३. बेरीज ११, फरक ३, म्हणून ए = ७, द = ४, संख्या ४७. उलटी ७४, फरक २७.

उत्तर येतच नाही तेव्हा

समजा तुम्ही पोरांना घेऊन भाजी-पाव खायला गेलात. पहिल्या दिवशी ३ भाज्या, ६ पाव, बिल १८०. दुसऱ्या दिवशी ५ भाज्या, १० पाव, बिल ३००. भाजी केवढ्याला, पाव केवढ्याला?

३भ + ६प = १८०
५भ + १०प = ३००

सोडवायला बसलात तर सगळंच उडून ० = ० येतं. चूक तुमची नाही. पहिलं ३ ने भागा, भ + २प = ६०. दुसरं ५ ने भागा, भ + २प = ६०. दोन दिसत होती पण समीकरण एकच आहे, कारण दोन्ही दिवशी प्रत्येकाने एका भाजीबरोबर दोनच पाव खाल्ले, त्यामुळे दोन पाव आणि एक भाजी मिळून ६० एवढंच कळतं. भाजी ५० आणि पाव ५ पण चालेल, भाजी ४० आणि पाव १० पण चालेल. आणखी शंभर बिलं आणली तरी, सगळे असेच खाणार असतील तर, काही कळणार नाही. तिसरा पाव मागवणारा एक खादाड पाहिजे. त्याचं बिल १ भाजी ३ पाव ६५ रुपये आलं की लगेच सुटतं, एक पाव जास्त, ५ रुपये जास्त, पाव ५ आणि भाजी ५०.

आणि दुसऱ्या दिवशीचं बिल ३०० च्या ऐवजी ३१० असतं तर? मग भ + २प एकीकडून ६० आणि दुसरीकडून ६२, हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, उत्तरच नाही. म्हणजे एकतर भाव वाढला नाहीतर वेटरने बेरीज चुकवली. पुस्तकात याला 'असंगत' असं भारी नाव आहे आणि आलेखावर त्या दोन समांतर रेषा दिसतात, तर आधीच्या उदाहरणात एकावर एक बसलेल्या. पेपरात '० = ०' आलं की 'असंख्य उत्तरं' आणि '० = १०' सारखं काही आलं की 'उत्तर नाही' असं लिहा, खोडून परत सुरू करू नका. अर्थात आधी एकदा आकडे नीट उतरवलेत ना ते बघा.

तपासणी गोष्टीत करा

उत्तर समीकरणात घालून तपासायचं असं सगळे सांगतात, पण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तर त्यात मस्त बसतं. म्हणून प्रश्नातलं मूळ वाक्य वाचा आणि त्यात आकडे घाला. एकाने मुलीचं वय वजा ४ काढून खाली दोन रेघा मारल्या होत्या. साडेआठ गाड्या, वजा भाव, दशकाच्या जागी १२, असलं काही आलं तर सोडवणं नंतर तपासा, आधी वर जाऊन 'पेक्षा' आणि 'च्या' कुणाला चिकटलेत ते बघा, चूक बहुतेक तिथेच सापडते.

आता एक तुम्ही करा. अख्खा काजू ११०० रुपये किलो, तुकडा ८०० रुपये किलो, दोन्ही मिसळून २० किलोचं मिश्रण केलं आणि ते ९२० रुपये किलोला पडलं. दोन समीकरणं मांडा, एक किलोचं, एक रुपयांचं. रुपयांच्या समीकरणात उजवीकडे ९२० लिहिलंत तर फसाल, २० किलोचे किती होतात ते लिहा. उत्तर अख्खा ८ किलो, तुकडा १२ किलो.